वंशावळीची वरची ओळ : कटिंग घोडे, भीमथडी आणि भाषांचे कुलवृक्ष

भाषांचे नाते वृक्षाच्या आकृतीने दाखविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात ऑगुस्ट श्लायखर याने रूढ केली. ही आकृती काय दाखविते आणि काय झाकते, हे ध्यानी येण्यास घोड्यांची वंशावळ फार उपयोगी पडते. कारण तीत आईबापांची नावे व जन्मवर्षे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेली असतात.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद इंग्लंडात १७९१ पासून छापली जाते. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून नेलेल्या तीन घोड्यांपैकी एकास जाऊन मिळते. ही ओळ वंशपत्राच्या अगदी वरच्या कडेने जाते, म्हणून डोळ्यांत भरते. वस्तुतः दहाव्या पिढीत पूर्वजांची १,०२४ स्थाने असतात आणि वरच्या ओळीतील नर हे त्यांपैकी केवळ एक स्थान होय.

अमेरिकेतील कटिंग घोड्यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. गुरांच्या कळपातून एक जनावर वेगळे काढावयाचे व त्यास परत कळपात शिरू द्यावयाचे नाही, हे या घोड्याचे काम. स्वार लगाम सैल सोडतो. जनावर कोणीकडे वळेल हे घोड्यानेच ओळखावयाचे असते. या घोड्यांत डॉक बार (जन्म १९५६) याचे घराणे अग्रगण्य मानतात. त्याचा आजा थ्री बार्स (जन्म १९४०) हा थरोब्रेड होता. यावरून शर्यतीच्या रक्तानेच कटिंग घोडा घडविला, असे अनुमान सहज निघते.

परंतु खालची ओळ वाचली म्हणजे चित्र पालटते. डॉक बारने शर्यतीत नाव मिळविले नाही आणि कटिंगमधील त्याची कीर्तीही संततीमुळे झाली. त्याची प्रख्यात अपत्ये डॉक ओलेना व ड्राय डॉक यांनी अनुक्रमे १९७० व १९७१ साली तरुण कटिंग घोड्यांची मोठी स्पर्धा जिंकली. दोघांची आई एकच : पोको लेना. ती स्वतः नामांकित कटिंग घोडी होती आणि तिचा बाप पोको ब्वेनो हाही त्याच कामात गाजलेला. म्हणजे चपळाईत थरोब्रेडचा वाटा असेल. गुरांची जाण मात्र मातृपक्षाकडे आधीपासूनच नांदत होती. तरीही घराण्यास नाव मिळाले ते बापाचे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. मुळशीच्या डोंगरांतून येणारी मुळा पुण्यास मुठेला मिळते व ते पाणी पुढे भीमेत जाते. वरचा मावळ मुलूख पायदळासाठी प्रसिद्ध, तर खालचा भीमा-नीरेचा मोकळा प्रदेश घोड्यांसाठी. या भीमथडी घोड्यांविषयी लिहिताना अरबी व तुर्की घोड्यांचा संकर झाला, हे आवर्जून सांगितले जाते. ज्या दख्खनी घोड्यांच्या पोटी ही पैदास झाली, त्यांचा उल्लेख ‘स्थानिक तट्टे’ एवढ्यावरच आटोपतो. पुण्याच्या परिसरातील थरोब्रेडच्या पैदासकेंद्रांत प्रत्येक शिंगराची आई नोंदलेली असते. धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर वाहणाऱ्या भीमथडीस मात्र अशी जुनी नोंदवही लाभली नाही. तेव्हा ‘शुद्ध’ आणि ‘संकरित’ हा भेद रक्ताइतकाच लेखनाचाही आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीच्या इतिहासातही हीच सावधगिरी हवी. पागा, बारगीर, शिलेदार, लगाम हे शब्द फारसीतून आले. त्यांची यादी करणे सोपे, म्हणून प्रभावाची चर्चा तेथेच घोटाळते. पण ‘बारगिरांनी’ या रूपातील सामान्यरूप, बहुवचन आणि प्रत्यय ही सर्व मराठीची आहेत. परका शब्द चटकन नजरेस येतो. ज्या व्याकरणाने त्यास आपल्या घरात वागविले, ते मूकपणे काम करीत राहते.

भीमथडीस आता स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली आहे. यापुढे नोंदी होतील, त्या वेळी धनगर कुटुंबांस घोड्याच्या बापाबरोबर घोडीचे नाव, तिची आई आणि तिचे कामही विचारले पाहिजे. ही माहिती आज केवळ तोंडी आहे; सांगणारी पिढी गेली की ती कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा मिळावयाची नाही. रक्ताच्या तपासणीने नाते कळेल, नाव व काम कळणार नाही. बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसही हाच नियम लागू आहे.