सेकंदाला २१ लाख टन!

मार्चची दुपार. अलिबागच्या किनाऱ्यावर झावळ्या सळसळायला लागतात. आला खारा वारा! वेग किती? ताशी १८ किलोमीटर. शाळेत निघालेलं सायकलवरचं पोरही त्याला हसेल. पण थांबा, हिशेब मांडून बघू.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर. वाऱ्याचा थर ५०० मीटर उंचीचा धरू, वेग सेकंदाला ५ मीटर. मारा गुणाकार: दर सेकंदाला १८० कोटी घनमीटर हवा आत! वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहिरी यातून भरायच्या म्हटल्या, तर पन्नास लाखांहून जास्त भरतील. तुम्ही ‘विहीर’ म्हणेपर्यंत!

हवेला कसलं आलंय वजन? घनमीटरला जेमतेम १.२ किलो. पण गुणत गेलं की ते २१ लाख टनांवर जातं. खच्चून भरलेली बारा डब्यांची लोकल ७०० टनांची धरा. झाल्या ३,००० लोकल! मुंबईत दिवसभरात लोकलच्या साधारण जेवढ्या फेऱ्या होतात, तेवढं वजन हा वारा दर सेकंदाला किनाऱ्यावर आणून टाकतो. तेही मेगाब्लॉक न घेता.

असा चार तास वाहिला तर? ३,००० कोटी टन. तुडुंब भरलेल्या कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी, म्हणजे सुमारे ३०० कोटी टन. एका दुपारात दहा कोयना!

आणि हे सगळं हलतं कशाने? जमीन पटकन तापते, पाणी सावकाश. शाळेतलं एवढं आठवलं तरी पुरे. त्यातून हवेच्या दाबात पडणारा फरक एखाद-दुसऱ्या मिलिबारचा. जिन्याने तीन मजले चढलात की दाब एक मिलिबार उतरतो. बस्स, इतकाच!

तिकडे सह्याद्रीचे तापलेले उतारही हवा वर ओढत असतात. म्हणून ही झुळूक उन्हाळ्यात घाट चढून पुण्यापर्यंत मजल मारते. मुंबई-पुणे १५० किलोमीटर. याच वेगाने आठ-साडेआठ तास. सकाळी अकराला निघाली की संध्याकाळी साडेसातपर्यंत पुण्यात, टोल न भरता. रात्री सगळं उलटं. डोंगरावरची गार हवा खाली उतरते, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत. डिझेलचा खर्च शून्य रुपये.

आता बिल बघा. कोकण सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर. भर दुपारी चौरस मीटरला ८०० वॉट ऊन धरलं, तर तासाला २,४०० कोटी युनिट. युनिटला ८ रुपये लावा: १९,२०० कोटी रुपये. एका तासाचे! त्यातला हजारातला जेमतेम एक भाग वाऱ्याच्या धावण्यात दिसतो. ही चिल्लर किती? २७,००० मेगावॉट! ऐन उन्हाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राची विजेची मागणी जिथे पोचते, त्याच्या आसपास!

एखाद्या दिवशी पूर्वेचे वारे जोर धरतात, खारे वारे दोन-तीन तास अडतात आणि मुंबईचा पारा चाळिशीकडे धावतो. तेव्हा मार्चमध्ये हवामान खात्याने ‘समुद्री वारे उशिरा’ म्हटलं, की बाहेरची कामं सकाळीच उरकून घ्या.