१७१ दिवस भरले, एक राहिला : बेसबॉलमधील पगाराचा हिशेब

कारखान्यात टेंपररी म्हणून राबलेल्या माणसाला '२४० दिवस' हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस काम भरले की सलग एक वर्षाची नोकरी धरली जाई. म्हणून दिवस भरत आले की मालक 'ब्रेक' देई आणि थोड्या दिवसांनी त्याच माणसाला नव्याने कामावर घेई. हाच हिशेब अमेरिकेत बेसबॉलच्या धंद्यात चालतो. फरक इतकाच, की तिथे 'ब्रेक' मिळणाऱ्या पोराची किंमत कोट्यवधी डॉलर असते.

आमच्या वाचकांना बेसबॉल फारसा परिचित नसेल, म्हणून आधी व्यवस्था सांगतो. मेजर लीग म्हणजे वरची स्पर्धा. तिच्या खाली प्रत्येक संघाचे कनिष्ठ संघ असतात आणि तरुण खेळाडू तिथे तयार होतात. वर कधी बोलवायचे हे सर्वस्वी संघमालकाच्या हाती. वर आलेल्या खेळाडूची नोकरी दिवसांनी मोजली जाते. हंगाम साधारण १८३ ते १८७ दिवसांचा असतो आणि त्यातले १७२ दिवस भरले की एक पूर्ण वर्ष जमा होते. अशी सहा वर्षे भरली की खेळाडू 'फ्री एजंट' होतो, म्हणजे जो जास्त मोल देईल त्याच्याकडे जायला मोकळा. तोवर तो एकाच मालकाला बांधलेला.

या सहा वर्षांतली पहिली तीन साधारण किमान पगारावर जातात. हा पगार २०१५ मध्ये ५ लाख ७ हजार ५०० डॉलर होता, २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार झाला. आपल्याला ही रक्कम प्रचंड वाटेल, पण त्या बाजारात हा तळचा भाव आहे. तीन वर्षांनंतर लवादाकडे जाता येते. मालक एक आकडा मांडतो, खेळाडू दुसरा, आणि लवाद त्या दोहोंपैकी एकच उचलतो. मधला काढत नाही. खरा बाजारभाव मिळतो तो सहा वर्षांनंतरच.

आता मालकाच्या गल्ल्यावर बसून विचार करा. होतकरू पोराला पहिल्या दिवसापासून खेळवले तर तो सहा हंगाम आपला. तेच त्याला दोन आठवडे खाली ठेवले, तर त्या वर्षी त्याचे १७२ दिवस भरत नाहीत आणि तो जवळजवळ सात हंगाम आपला राहतो. दोन आठवड्यांच्या बदल्यात ऐन उमेदीचे एक वर्ष! असा सौदा कोणता व्यापारी सोडील?

शिकागो कब्ज संघाने २०१५ मध्ये तो सोडला नाही. ख्रिस ब्रायंट या २३ वर्षांच्या खेळाडूने हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत ९ होमरन ठोकले होते. तरी त्याला खाली धाडले. कारण दिले, क्षेत्ररक्षण सुधारायचे आहे. हंगाम ५ एप्रिलला सुरू झाला आणि १७ एप्रिलला त्याला वर बोलावले. त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस आधी बोलावले असते तर वर्ष पुरे झाले असते. बारा दिवसांत क्षेत्ररक्षण किती सुधारले, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू तोच ठरला, पुढच्या वर्षी लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडूही तोच, आणि २०१६ मध्ये कब्जने १९०८ नंतर प्रथमच विजेतेपद मिळवले. त्या २०१६ सालचा त्याचा पगार होता ६ लाख ५२ हजार डॉलर.

ब्रायंटने तक्रार केली. निकाल लागायला जानेवारी २०२० उजाडले आणि तो त्याच्या विरुद्ध गेला. मालकाच्या मनात काय होते ते सिद्ध करणार कसे? खेळाविषयीचे कारण कागदावर असले की झाले. २०२० नंतर मोकळा होणारा खेळाडू २०२१ नंतर मोकळा झाला, तिशीच्या उंबरठ्यावर. त्या जादा वर्षी त्याला १ कोटी ९५ लाख डॉलर मिळाले, तेव्हा तो उपाशी राहिला असे कुणी म्हणणार नाही. मार्च २०२२ मध्ये कोलोरॅडो रॉकीजने त्याच्याशी ७ वर्षांचा १८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला आणि मग दुखापतींनी त्याला घेरले. पहिल्या चार हंगामांत मिळून दोनशे सामनेही तो खेळू शकला नाही. मालक म्हणतील, जोखीम आम्हीच उचलतो. हे खोटे नाही. पण खेळाडूचे शरीर झिजते तेही त्या स्वस्त वर्षांतच, हे त्यांच्या खातेवहीत दिसत नाही.

सगळे जाणून होते, बोलत कुणी नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिअॅटल मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅथर एका क्लबच्या सभेत मोकळेपणाने बोलून गेले, की एक तरुण पहिल्या दिवशी दिसणार नाही, एप्रिलच्या मध्यास दिसेल, म्हणजे पुढची सहा वर्षे तो ताब्यात राहील. त्यांच्या इतर काही बोलण्यावरूनही गहजब झाला आणि त्यांना पद सोडावे लागले.

डिसेंबर २०२१ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. ती ९९ दिवस चालली आणि मार्च २०२२ च्या नव्या करारात दोन कलमे आली. पहिले : नव्या खेळाडूंच्या मतदानात पहिला किंवा दुसरा आलेल्यास, कधीही वर आला असला तरी, पूर्ण वर्ष मिळेल. दुसरे : नावाजलेल्या तरुणाला वेळीच वर आणून पूर्ण वर्ष खेळवले आणि त्याने तो मान मिळवला, तर संघाला नवे खेळाडू निवडताना एक जादा संधी. पहिल्या कलमाने मालकाची क्लृप्ती फुकट जाते, दुसऱ्याने सरळ वागण्यात नफा दिसू लागतो. आमच्या मते दुसरे अधिक शहाणपणाचे, कारण मालक दंडापेक्षा फायद्याची भाषा लवकर समजतो. मॅथर यांच्याच सिअॅटलने २०२२ मध्ये हूलिओ रोड्रिगेझला पहिल्या दिवसापासून खेळवले, तो सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि संघाला ती जादा निवड मिळाली. उलट पिट्सबर्गने पॉल स्कीन्सला २०२४ मध्ये ११ मे रोजी वर आणले. त्याने मान पटकावला आणि संघाच्या हिशेबात नसलेले पूर्ण वर्ष त्याच्या नावे जमा झाले.

मतदानात तिसरा आला त्याचे काय? त्याला यातले काहीच नाही. त्याचे दिवस अजूनही पूर्वीसारखेच मोजले जातात. या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे.