चालकाविना टॅक्सी आणि सरकारी तिजोरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विजेवर आणि चालकाविना धावणाऱ्या भाड्याच्या मोटारींमुळे अमेरिकेचा रस्ते-निधी आटला, असे सर्रास मानले जाते. ही तूट प्रत्यक्षात त्यांच्याआधीची आहे. तेथील केंद्र सरकारचा पेट्रोल-कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवर अडकला आहे. महागाईशी तो जोडलेलाच नाही. शिवाय इंजिने कमी तेलात जास्त अंतर कापू लागली. २००८ पासून महामार्ग निधीत सर्वसाधारण तिजोरीतून पैसा ओतावा लागतो आणि त्या वर्षी विजेच्या मोटारी रस्त्यावर जवळजवळ नव्हत्याच. पुढे त्या ही तूट वाढवतील, एवढेच खरे.

तेल नाही म्हणजे कर नाही, ही समजूतही टिकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदारांनी ॲपवरून ठरवलेल्या फेऱ्यांवर कर मंजूर केला आणि त्याच्या कक्षेत चालकाविना गाड्याही घेतल्या. एकट्याच्या फेरीला भाड्याच्या ३.२५ टक्के, सामायिक फेरीला १.५ टक्के. विजेच्या गाड्यांना कमी दर मिळाला, तो मुदतीपुरता. हा कर लिटरवर नसून फेरीवर आहे, म्हणून टॅक्सीचा धंदा वाढला की वसुलीही वाढते. खरा प्रश्न गाडीपेक्षा कर कशावर बसवला आहे, याचा आहे.

गाड्या सामायिक झाल्या की रस्त्यावरची वर्दळ आपोआप घटते, असेही नाही. एकच टॅक्सी दिवसभर एकामागून एक प्रवासी नेते तेव्हा दोन फेऱ्यांमध्ये ती रिकामी धावते. एकूण अंतर उलट वाढू शकते.

पार्किंगचे उत्पन्न बुडेल, ही भीती अंशतः रास्त आहे. (दंड मात्र चालू आहेत: २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेमो या चालकाविना टॅक्सी चालवणाऱ्या कंपनीच्या गाड्यांना पार्किंगच्या ५८९ पावत्या मिळाल्या.) शिकागोचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. त्या शहराने २००८ मध्ये पार्किंग मीटर सुमारे १.१५ अब्ज डॉलरला ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीकडे सोपवले. आता गाड्या कमी थांबल्या तर तोटा कंपनीचा. पण टॅक्सीच्या प्रवाशांना चढण्या-उतरण्यासाठी पालिकेने मीटरची जागा काढून घेतली, तर भरपाई पालिकेला द्यावी लागते.

अंतरावर कर बसवणे अव्यवहार्य असल्याचा दावा अनुभवाला धरून नाही. ओरेगॉनमध्ये २०१५ पासून ऐच्छिक योजना आहे. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींना हजार किलोमीटरमागे ७६ न्यूझीलंड डॉलर आकार लावला. टॅक्सी-ताफ्याबाबत हे आणखी सोपे: प्रत्येक फेरीची नोंद कंपनीकडे असते आणि वसुली लाखो मालकांऐवजी मूठभर कंपन्यांकडून करायची असते. अडचण अधिकाराची आहे. सॅन फ्रान्सिस्कोला आपला फेरी-कर मतदानाला टाकण्याआधी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाकडून कायद्याने मुभा मिळवावी लागली होती.