शरदाच्या उंबरठ्यावर एडिंबर्ग

परदेशप्रवासाचे नियोजन बहुतेक घरांत विमानाच्या तिकिटापासून सुरू होते. देवणीतील एका जैन कुटुंबात मात्र ते सूर्यास्ताच्या वेळेपासून सुरू झाले. कन्या स्कॉटलंडची राजधानी एडिंबर्ग येथील विद्यापीठात संशोधन करते. आईवडिलांनी एकदा तरी यावे, हा तिचा आग्रह दोन वर्षांपासूनचा आहे. वडिलांनी मोंढ्यातील आडत दुकान आता मुलाच्या हाती सोपविले आहे. त्यांची ना नव्हती. प्रश्न होता तो आईंचा. एकतीस वर्षांपासून त्यांचा रात्रिभोजनत्याग आहे आणि कंदमूळ घरात येत नाही. “माझा नियम मोडणार असेल, तर मला नेऊ नका,” एवढेच त्यांनी सांगितले.

ही अडचण आज अनेक घरांची आहे. मुले दूर देशी स्थिरावतात, आईवडिलांचे वय वाढत जाते आणि नियमांच्या धास्तीने भेट लांबत राहते. या कुटुंबाने केलेली आखणी म्हणूनच इतरांनाही उपयोगी पडावी अशी आहे.

सूर्याचा हिशेब

कन्येने आधी जून महिना सुचविला. तेव्हा एडिंबर्गला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे जेवणाची चिंताच नाही, असा तिचा युक्तिवाद होता. परंतु तोच सूर्य पहाटे साडेचारला उगवतो. साडेसतरा तासांच्या दिवसात झोप, सामायिक आणि आहार यांची घडी कशी बसावी? मग नाताळच्या सुटीचा विचार झाला. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सूर्योदय पावणेनऊच्या आसपास आणि सूर्यास्त पावणेचारच्याही आधी. जेमतेम सात तासांचा दिवस. त्यात दोन वेळचे जेवण आटोपून शहर पाहणे जमणारे नव्हते.

याचे कारण अक्षांशात आहे. देवणी सुमारे १८ अंश उत्तरेस, तर एडिंबर्ग जवळजवळ ५६ अंशांवर. विषुववृत्तापासून जितके दूर जावे, तितका उन्हाळ्या-हिवाळ्यातील दिवसांचा फरक वाढतो. मात्र संपातदिनाच्या सुमारास, म्हणजे मार्चच्या व सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पृथ्वीवर बहुतेक सर्वत्र दिवस व रात्र जवळपास समान असतात. शरदाच्या आरंभी एडिंबर्गचा दिवस देवणीच्या दिवसाएवढाच असतो. तीस सप्टेंबरला देवणीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो; एडिंबर्गला तेथील घड्याळाप्रमाणे सातला दहा मिनिटे कमी असताना. तेथील घड्याळ तेव्हा भारतापेक्षा साडेचार तास मागे असते, पण उगवती-मावळतीमधील अंतर जवळपास सारखेच.

वडिलांनी वहीत रोजच्या वेळांचे रकाने आखले. आईंचा परिपाठ सूर्योदयानंतर दोन घटिकांनी पहिला आहार आणि सूर्यास्तापूर्वी दोन घटिका शेवटचा. दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटे. तीस सप्टेंबरला सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आत, असा तो हिशेब आला. एक सावधगिरी मात्र हवी. त्या दिवसांत तेथे संध्याकाळ रोज अडीच मिनिटांनी अलीकडे सरकते. नऊ ऑक्टोबरला सूर्यास्त साडेसहाच्या आत येतो; त्या दिवशी शेवटचा घास साडेपाचनंतर दहा मिनिटांत संपला पाहिजे. पहिल्या दिवशीची वेळ शेवटच्या दिवशी चालणार नाही.

दशलक्षण आधी, प्रवास नंतर

ऋतू ठरला, पण तिथी उरल्या होत्या. या वर्षी, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आल्यामुळे भाद्रपद उशिरा आहे. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला येते. दशलक्षण पर्व आणि त्यानंतरची क्षमावाणी गावातील मंदिरात सर्वांसमवेत व्हावी, ही आईंची इच्छा. दुसऱ्या बाजूने मोंढ्याचे गणित होते. ऑक्टोबरात सोयाबीनची रास सुरू होते आणि दसऱ्याच्या सुमारास दुकानात अनुभवी माणूस लागतो. या दोन टोकांमध्ये मोकळे दिवस उरले ते २९ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर.

सर्वांत नाजूक मुद्दा चातुर्मासाचा. आई दरवर्षी चातुर्मासापुरती क्षेत्रमर्यादा घेतात: लातूर, नांदेड, धाराशिव आणि बिदर या जिल्ह्यांबाहेर जायचे नाही. “व्रत घेऊन टाक, जाताना सूट घेता येईल,” असे कोणी सुचविले. त्यांना ते पटले नाही. दिग्व्रताच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी गणली आहे. घेतलेली मर्यादा सोयीनुसार वाढविणे हा व्रताला लागलेला दोष होय, आणि देशव्रतातही भावना तीच. म्हणून जाण्याचा किंवा न जाण्याचा निर्णय आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी व्हायला हवा होता. प्रवास ठरला तर मर्यादा सुरुवातीलाच तेवढी घ्यावी आणि मग तिच्या बाहेर पाऊल टाकू नये, असे त्यांनी ठरविले. या एका अटीमुळे साऱ्या घराची लगबग जूनमध्येच सुरू झाली.

कागदपत्रे आणि प्रवास

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच्या वास्तव्यासाठी मिळतो आणि अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी देवणीकरांना पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. त्यानंतर निर्णयास सर्वसाधारणपणे तीन आठवडे लागतात. बँकेची विवरणे, आयकर विवरणपत्रे आणि कन्येचे निमंत्रणपत्र ही कागदपत्रे एकमेकांशी जुळणारी असावीत. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झाली, तर तिचा उगम सांगता आला पाहिजे. मुलाने वा भावाने दिलेली रक्कम असल्यास तसे पत्र जोडावे. उतारवयात परदेशी जाताना वैद्यकीय विमा टाळू नये आणि पूर्वीचे आजार त्यात लपवू नयेत.

उदगीरहून रेल्वेने किंवा बिदरमार्गे रस्त्याने हैदराबाद, तेथून आखाती देशात अथवा लंडनला विमान बदलून एडिंबर्ग, असा मार्ग सोयीचा आहे. दुसरा टप्पा दिवसाउजेडी असेल असे विमान निवडावे. म्हणजे आहार उजेडात होतो. जैन भोजनाची नोंद बहुतेक विमान कंपन्या घेतात. तिचा संकेत ‘व्हीजेएमएल’ असा आहे आणि ती किमान एक दिवस आधी करावी लागते.

मुक्कामाचा खर्च हाही शरदाच्या बाजूने बोलणारा मुद्दा आहे. ऑगस्टमध्ये एडिंबर्गला १९४७ पासून चालत आलेला मोठा कलामहोत्सव असतो आणि खोल्यांचे दर गगनाला भिडतात. सप्टेंबरनंतर ते उतरतात. मात्र २४ जुलै २०२६ पासून त्या शहरात मुक्कामाच्या दरावर पाच टक्के पर्यटक-आकार लागू होत आहे. सलग मुक्कामात तो पहिल्या पाच रात्रींपुरताच आकारला जातो. अंदाजपत्रकात त्याची ओळ स्वतंत्र ठेवावी.

शिधा आणि स्वयंपाक

हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घ्यावी, हा या नियोजनातील सर्वांत मोलाचा निर्णय. तेथील ‘शाकाहारी’ या शब्दाच्या भरवशावर राहता येत नाही. भाज्यांच्या सारात कांदा व बटाटा जवळजवळ ठरलेला, काही चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट आणि मऊ मिठायांत जिलेटिन. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्यासाठी चष्मा हाताशी हवा.

घरून शिधा नेतानाही नियम आहेत. भारतातून ब्रिटनमध्ये दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे तूप, खवा, पेढे सामानातून वगळावे लागतात. ताजी फळे व भाज्यांवरही निर्बंध आहेत. ज्वारीचे पीठ, डाळी, मेतकूट, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी असे कोरडे जिन्नस उपयोगी पडतात; तरीही सामान बांधण्यापूर्वी चालू यादी पाहावी. दूध, लोणी आणि सफरचंदे तेथे विपुल मिळतात. ओट ही तर स्कॉटलंडची जुनी धान्यसंपदा; पाण्यात शिजवलेली तिची खीर सकाळच्या आहाराला उत्तम. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. गाळण्यासाठी छन्ना मात्र घरचाच न्यावा.

हवेचे एक नवल सांगण्यासारखे आहे. एडिंबर्गचा वार्षिक पाऊस लातूर जिल्ह्याच्या पावसाहून जास्त नाही. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो, तेथे बाराही महिने रिमझिमत राहतो. ऑक्टोबरच्या आरंभी दुपारचे तापमान १४-१५ अंशांच्या घरात असते आणि वारा बोचरा. छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही. टोपीचा पावसाळी कोट आणि लोकरीचा थर बरा.

काय पाहावे

एडिंबर्गची जुनी आणि नवी नगरी १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या कातळावर किल्ला, तेथून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरणारा ‘रॉयल माइल’ हा दगडी रस्ता आणि खालच्या अंगाला १७६७ च्या आराखड्यानुसार उभी राहिलेली रेखीव नवी वस्ती. कातळ काळा, बेसाल्टचा. देवणीची काळी जमीन ज्या जातीच्या खडकापासून झाली, त्याच जातीचा; मात्र वयाने कितीतरी जुना. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी किल्ल्यापासून उताराने चालावे आणि परत येताना बस घ्यावी.

व्यापारी घरातील माणसाला या शहरात आणखी एक ओळख सापडते. देवणीच्या मोंढ्यात आडतदार जी ‘सीसी लिमिट’ वापरतो, तिचा पूर्वज येथेच जन्मला. १७२८ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने एका व्यापाऱ्याला खात्यातील शिलकेपेक्षा अधिक रक्कम काढण्याची मुभा दिली. ओव्हरड्राफ्टचा तो आरंभ मानला जातो. लेखापालांच्या संस्थेला राजसनद मिळाली तीही प्रथम एडिंबर्गलाच, १८५४ मध्ये. ज्या समाजात घरटी एक सीए शोधावा लागत नाही, त्याला हे ठिकाण परके कसे वाटेल? अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांची समाधी रॉयल माइलवरच्या कॅननगेट चर्चच्या आवारात आहे. स्कॉटलंडमध्ये आजही तीन व्यापारी बँका स्वतःच्या नोटा काढतात. परतताना त्या खर्चून टाकाव्यात, भारतात त्या बदलणे जिकिरीचे होते.

कॅल्टन टेकडीवरचे बारा खांब पाहून मात्र हसू येते. अथेन्सच्या पार्थेनॉनसारखे भव्य स्मारक उभारण्याचा संकल्प सोडून १८२६ मध्ये काम सुरू झाले आणि वर्गणी आटल्याने १८२९ मध्ये थांबले. जमाखर्च न पाहता केलेल्या संकल्पाचे हे दोनशे वर्षांचे उदाहरण आहे. राष्ट्रीय संग्रहालय आणि १६७० मध्ये स्थापन झालेले वनस्पती उद्यान यांना प्रवेशशुल्क नाही. शरदातील पानांचे रंग पाहण्यास उद्यानासारखी जागा नाही.

धाराशिवमार्गे एडिंबर्ग

तयारीच्या ओघात वडिलांना एक नाव भेटले: जेम्स बर्जेस. स्कॉटलंडमध्ये १८३२ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ शिक्षक म्हणून भारतात आले आणि पुढे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. शत्रुंजयाच्या मंदिरांवर त्यांनी १८६९ मध्ये ग्रंथ काढला. ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे नियतकालिक १८७२ मध्ये सुरू केले. बिदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवरील त्यांचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. धाराशिवची लेणी आणि वेरुळची जैन लेणी त्यांनी मोजमाप घेऊन नोंदविली. निवृत्तीनंतर ते एडिंबर्गला राहिले आणि तेथेच १९१६ मध्ये निवर्तले. ज्या वाटेने आईवडील आता जाऊ पाहतात, त्याच वाटेने दीडशे वर्षांपूर्वी एक माणूस उलट दिशेने आला आणि आपल्या तीर्थंकरमूर्तींची टिपणे करून परतला.

हे वाचल्यावर वडील काहीसे खजील झाले. देवणीहून धाराशिव काही तासांच्या अंतरावर, पण ती लेणी त्यांनी पाहिलेली नव्हती. एडिंबर्गच्या तिकिटांआधी एक रविवार धाराशिवसाठी राखून ठेवण्यात आला. पार्श्वनाथांच्या मूर्तीपुढे दोघे बराच वेळ बसले. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे जेवण गावाबाहेरच्या झाडाखाली, घरच्या डब्यातले झाले. आईंनी त्याला प्रवासाची रंगीत तालीम म्हटले.

निर्णय त्याच आठवड्यात झाला. वडिलांच्या वहीत सूर्यास्ताच्या रकान्याखाली आईंनी आपल्या हाताने यंदाची क्षेत्रमर्यादा लिहिली आहे: नेहमीचे चार जिल्हे, २९ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या काळात एडिंबर्ग आणि जाण्यायेण्याची वाट, त्यानंतर पूर्ववत. कन्येने दूरध्वनीवर हे ऐकले आणि विचारले, “आई, इतक्या लांब येतेस, दोन दिवस लंडनही पाहू या ना?”

“ते वहीत नाही, बाळा,” आई म्हणाल्या. “तू मात्र आहेस.”