माप आधी, पार्सल नंतर

मुरबाडच्या म्हसा जत्रेत घोंगडी खांद्यावर टाकून बघता येते. ऑनलाइन गिऱ्हाईकाकडे फक्त फोटो. म्हणून शहापूर-मुरबाडहून शिवलेली नऊवारी पाठवणाऱ्या ताईंनो, नुसतं 'फ्री साइज' लिहू नका. कंबर, उंची इंचात द्या आणि टेप लावलेला फोटो टाका. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील, असं आपलं माझं मत!

तरी तक्रार आलीच तर? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण. जाहिरातीत सांगितल्यापेक्षा माप वेगळं निघालं, तर माल परत घ्यायला नकार देता येत नाही. 'नो रिटर्न' लिहिलेलं असलं तरी. गिऱ्हाईकांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे १९१५. भांडण तिथवर जाण्याआधी स्वतःच फोन करा, माप विचारा, शिलाई उसवून देता येते का बघा.