साथीचे दिवस आणि गांवाची दवंडी

सेवाग्रामच्या आश्रमांत जाणाऱ्या पाहुण्यास तेथें एक जुना दूरध्वनि दाखवितात. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांस महात्माजींशीं तातडीनें बोलतां यावें म्हणून तो बसविण्यांत आला होता. सन १९३६ च्या एप्रिलांत महात्माजी या गांवीं राहावयास आले तेव्हां त्यास शेगांव म्हणत. सेवाग्राम हें नांव त्यास १९४० सालीं मिळालें. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं तो दूरध्वनि पाहिला असेल. तो पाहतांना आमच्या मनांत नेहमीं एक प्रश्न येतो. दिल्लीचा शब्द सेवाग्रामास आणावयास एक तार पुरली. परंतु संकटाच्या दिवसांत गांवच्या चावडीचा शब्द गांवच्याच शेवटच्या झोपडीपर्यंत कसा पोहोंचावा? आणि त्या झोपडीचा शब्द चावडीपर्यंत कसा यावा? या प्रश्नाचा थोडा विचार येथें करूं.

साथ येते तेव्हां एक रोग येत नाहीं, दोन येतात. एक शरीराचा व दुसरा अफवेचा. आणि पुष्कळदां दुसराच आधीं येतो. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. रुग्णालयांत नेऊन माणसें मारतात, अशी कंडी पिकली, व पुढच्याच महिन्यांत गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. दुसऱ्या वर्षीं पुण्यास रँडसाहेबांच्या कमिटीनें घरझडतीचें काम लष्करी शिपायांकडे सोंपविलें. रोगी शोधून वेगळा ठेवावा, हा हेतु शास्त्रास धरूनच होता. परंतु घरांत शिरणारा मनुष्य अनोळखी, त्याची भाषा परकी, आणि नेलेल्या माणसाचें पुढें काय झालें याची चिंता घरच्यांच्या जिवास लागलेली. मग लोक रोग्यास लपवूं लागले. आणि लपविलेला रोगी घरादारासह शेजाराचाही घात करतो. शेवटीं २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. हुकूम आणि विश्वास यांतील अंतर पाहावयाचें असेल तर तें एकाच वर्षाच्या या दोन मृत्यूंत दिसेल.

सन १९१८ च्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. आपला वर्धा जिल्हा तेव्हां ज्या मध्यप्रांतांत होता, तो अत्यंत होरपळलेल्या प्रांतांपैकीं एक होय. त्या काळीं गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर नेऊन देई. म्हणजे मृत्यूची बातमी वर जावयास वाट होती. परंतु काय करावें आणि काय टाळावें, हें ज्ञान खालीं येण्यास तशी रुळलेली वाट नव्हती. ज्या वाटेनें केवळ मोजणी जाते आणि उत्तर येत नाहीं, तिला संवाद म्हणतां येणार नाहीं.

पुढें सन १९३९ च्या सुमारास वर्ध्यास पटकीची साथ आली. नुकत्याच सेवाग्रामास आलेल्या डॉ. सुशीला नायर या तरुण डॉक्टरीणबाईंनीं ती जवळजवळ एकटीनें हाताळली. त्यांच्याच श्रमांतून सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय वाढलें, व सन १९६९ सालीं तेथें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. या संस्थेंत नवीन येणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रत्येक वर्ग आसपासचें एक गांव दत्तक घेतो व तेथील कुटुंबांशीं परिचय करून घेतो. यांतील मर्म ध्यानांत घ्यावें. विहीर जशी तहान लागण्यापूर्वीं खणावी लागते, तशी ओळखही साथीच्या आधीं करून ठेवावी लागते.

याची परीक्षा सन २०२० सालीं झाली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. वर्धा जिल्ह्यांत कोरोनाचा पहिला रुग्ण मे महिन्यांत आढळला. म्हणजे रोग येण्यापूर्वीं कित्येक आठवडे येथें केवळ त्याची भीति नांदत होती. अशा वेळीं गांवोगांवच्या ग्रामपंचायतींवर मोठें ओझें पडलें. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका व आशा सेविका यांस एकत्र बसून काम करावें लागलें. दवंडीची जागा ध्वनिक्षेपकानें घेतली. परगांवाहून परतणाऱ्यांची राहण्याची सोय पुष्कळ ठिकाणीं शाळेंतच झाली. १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेंत सेविका घरोघर जाऊन ताप व रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण तपासूं लागल्या. पुढें सन २०२१ च्या उन्हाळ्यांत नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें गांवकऱ्यांचींच पथकें घरोघर फिरवून साथ आटोक्यांत आणली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

आमच्या परिचयाच्या एका गांवीं त्या दिवसांत घडलेली गोष्ट सांगतों. पुण्याहून परतलेला एक मजूर चौदा दिवस शाळेच्या खोलींत राहून निरोगी घरीं आला. तरी त्याच्या बायकोस हातपंपावर कोणी पाणी भरूं देईना. ध्वनिक्षेपकावरून रोज सूचना होत होत्या, पण त्यांत ‘दूर राहा’ एवढेंच होतें. ‘किती दिवस’ हें नव्हतें. अखेर एका आशाताईंनीं हें सरपंचांस कळविलें. सरपंच स्वतः पंपावर गेले, मुदत संपल्याचें चारचौघांत सांगितलें, आणि त्या बाईचा हंडा आपल्या हातानें भरून दिला. दुसऱ्या दिवसापासून सूचनेंत मुदतीचें वाक्य आलें. अर्धवट माहिती ही कधीं कधीं अज्ञानाहूनही क्रूर होते, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों.

यावरून चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बातमी ओळखीच्या मुखांतून व ठरलेल्या वेळीं यावी. म्हणजे अफवेस रिकामी जागा राहत नाहीं. दुसरी, वाईट बातमीही लपवूं नये. आंकडा सांगावा, पण रोग्याचें नांव चव्हाट्यावर आणूं नये. तिसरी, ज्याच्या हातीं भ्रमणध्वनि नाहीं त्याच्या दारीं माणसानें जावें. चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, गांवाची शंका वर नेण्यास कोणी असावें. त्या हातपंपावरील अन्याय ध्वनिक्षेपकानें दूर झाला नाहीं. घरोघर हिंडणाऱ्या एका बाईच्या पायांनीं तो दूर केला. अशा सेविकांस मोबदला मात्र तुटपुंजा होता, व जून २०२१ मध्यें त्यासाठीं महाराष्ट्रांतील आशांस संप करावा लागला, हेंही पालकांनीं विसरूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील साथ कोणती व केव्हां येईल, तें कोणास ठाऊक नाहीं. परंतु आपल्या वस्तींतील आशाताई कोण, ग्रामसभा केव्हां भरते, आपल्या गल्लींत एकटें राहणारें म्हातारें माणूस कोणतें, हें तर आजच जाणून घेतां येईल. ऐकलेली गोष्ट खरी आहे कीं नाहीं याची चौकशी केल्यावांचून ती पुढें सांगूं नये, ही संवयही आजच लावून घेतां येईल. हें करण्यास कोणाच्या हुकमाची जरूर नाहीं. येत्या सुटींत एवढें कराल, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.