नाव कुठल्या वहीत?

सकाळी 6:40

फोन फुलेनगरातल्या एका मावशींचा. "मॅडम, रात्री साध्या कपड्यातली चार माणसं आली आणि पोराला गाडीत घालून घेऊन गेली. कुठं नेलं ते सांगितलं नाही." मी कपाळाला हात लावत नाही, वही उघडते. मुलाचं वय किती? बावीस. हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण अठराच्या आतला असेल तर सगळी वाटच बदलते. त्याला ठाण्याच्या लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याचं नाव कुठल्याही यादीत लावता येत नाही, आणि त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मग पुढचे प्रश्न. किती वाजता नेलं? साडेअकरा. घरातलं कोण समोर होतं? थोरली सून. आधार कार्डावर नाव कसं लिहिलंय, वडिलांचं नाव कसं? "तसंच फोटो काढून पाठवा, मावशी, नुसतं सांगू नका."

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर फौजदारी काम करणाऱ्या वकिलाचा दिवस विश्रांतवाडीत बहुतेक वेळा असाच उजाडतो. कायद्यापेक्षा शोधाशोध जास्त. पकडलेल्या माणसाची नोंद कुठे ना कुठे होतच असते. ती कुठल्या वहीत, कुठल्या वेळी सापडेल, हे माहीत असलं की निम्मं काम झालं.

7:15

चहाबरोबर महाराष्ट्र पोलिसांचं नागरिक पोर्टल. त्यात 'अटक आरोपी' असा भाग आहे. तारीख, जिल्हा आणि ठाणं निवडलं की यादी येते. पुणे शहर, पिंपरी चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तिथे तीन वेगवेगळी खाती आहेत, हे लोकांना माहीत नसतं. चुकीच्या खात्यात शोधून "नाव नाही, म्हणजे पोलिसांनी पळवलं" अशा निष्कर्षाला पोचलेली माणसं मला भेटतात.

रात्री उचललेल्या माणसाचं नाव सकाळी सातला तिथे दिसत नाही. तरी मी बघते, कारण त्याच नावाची जुनी नोंद असेल तर ती दुपारी सरकारी वकिलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आत्ताच कळलेली बरी. अटक केलेल्यांची नावं फलकावर लावायची हा नियम नवा नाही. 2008च्या दुरुस्तीने तो जुन्या फौजदारी संहितेत आला आणि 1 जुलै 2024पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37मध्ये आहे. आता प्रत्येक ठाण्यात त्यासाठी नेमलेला अधिकारी हवा आणि यादी डिजिटल स्वरूपातही चालते. एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सप्टेंबर 2016चा. त्यातून लैंगिक गुन्हे, दहशतवाद असली संवेदनशील प्रकरणं वगळलेली आहेत. म्हणजे एफआयआर दिसत नाही याचा अर्थ गुन्हाच दाखल नाही, असा होत नाही.

टेक्सासमधला माझा मावसभाऊ यावर हसतो. त्याच्या काउंटीत शेरीफच्या संकेतस्थळावर काल रात्री आत गेलेल्याचं नाव, कलम, जामिनाची रक्कम आणि समोरून काढलेला फोटो, सगळं न्याहारीच्या आत मिळतं. आपल्याकडे आरोपीच्या तोंडावर काळा बुरखा घालून नेतात. फोटो झळकत नाही हे मला आपलंच बरं वाटतं. पण नाव वेळेवर न कळण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

8:20

रात्रपाळीचा ठाणे अंमलदार उतरायच्या आत ठाण्यात पोचायचं. दिवसपाळीच्या माणसाला रात्रीचं काही माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यायची घाईही नसते.

आता हद्दीची भानगड. आमच्या भागात एक रस्ता ओलांडला की ठाणं बदलतं. इकडे विश्रांतवाडी, खाली येरवडा, नदीकडे खडकी, लोहगावच्या बाजूला विमानतळ. आळंदी रस्त्याने वर गेलं की दिघी. दिघी पूर्वी पुणे शहरातच होतं. 15 ऑगस्ट 2018ला पिंपरी चिंचवडचं वेगळं आयुक्तालय झालं आणि दिघी तिकडे गेलं. तेव्हापासून कळसच्या माणसाचा शोध कधीकधी दोन आयुक्तालयांत करावा लागतो. आळंदीहून माउलींची पालखी याच रस्त्याने येते. त्या दिवशी गर्दीतले सोनसाखळीचोर नेमके कुठल्या ठाण्यात नेले, हे पकडणाऱ्यांनाही दोनदा विचारावं लागतं. याशिवाय क्राइम ब्रँचची युनिटं वेगळी. गुन्हा एकीकडचा, पकडणारे दुसरीकडचे आणि लॉकअप तिसऱ्याच ठाण्याचं, असं सर्रास होतं.

"साहेब, अटक केलीय का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, आणि ते खरंही असतं. माणूस बाकड्यावर बसवून ठेवलेला असतो, अटक 'दाखवलेली' नसते. म्हणून मी विचारते, "रात्री बाहेरचं पथक हद्दीत आलं होतं का? स्टेशन डायरीला नोंद असेल ना?" परक्या ठाण्याचं पथक हद्दीत आलं की स्थानिक डायरीत नोंद करून जातं, निदान जायला हवं. आज हवालदारदादा चांगले भेटले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पानावरून बोट खाली खाली नेलं. "ही बघा ताई. 23:50. गुन्ह्याच्या तपासकामी एक इसम ताब्यात घेऊन रवाना." पुढे पथकाच्या ठाण्याचं नाव, शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं. त्या ओळीत मुलाचं नाव नव्हतं, पण वेळ होती. मला आत्ता वेळच हवी होती.

10:15

त्या दुसऱ्या ठाण्यात. मुलगा आहे. दुचाकी चोरीचा गुन्हा, न्याय संहिता कलम 303(2), जास्तीत जास्त तीन वर्षं. तपासी अंमलदार बाहेर गेलेत, येतील. थांबते.

मग अटकेचा फॉर्म हातात येतो. आमच्या धंद्यात याच्याइतका बोलका कागद नाही. अटकेची तारीख, वेळ, ठिकाण, अंगावरच्या खुणा, अंगझडतीत काय मिळालं, कुणाला कळवलं, साक्षीदाराची सही, आरोपीची सही. 1996च्या डी. के. बसू निकालाने हे कागदावर आणायला लावलं.  मी तीन रकाने आधी बघते.

वेळ: पहाटे 4:10. नेलं साडेअकराला, डायरीत 23:50, आणि अटक 4:10. संविधानाच्या कलम 22प्रमाणे प्रवासाची वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं लागतं. ते चोवीस तास कधी सुरू होतात, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाने 1990मध्ये कस्टम्सच्या एका प्रकरणात निकाली काढलाय. हलायची मोकळीक काढून घेतली की अटक, मग फॉर्मवर वेळ कुठलीही असो. आज चोवीस तास कुठूनही मोजले तरी मुलगा मुदतीत कोर्टापुढे येईल. पण साडेचार तास कागदावर नाहीत, हे दंडाधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं.

नातेवाइकांना कळवलं: "होय, भावास फोनद्वारे." खाली दिलेल्या नंबरात एक आकडा कमी. मी तो रकाना वहीत जसाच्या तसा उतरवून घेते. वाद घालत नाही. वाद इथे घातला तर मुलाला रात्री सोसावं लागतं, आणि कोर्टात घातला तर नोंदीत राहतो.

अटकेची कारणं: लेखी दिली आहेत, मराठीत, त्याला वाचता येतील अशी. हे अलीकडचं. आधी मनी लाँडरिंगच्या प्रकरणांत, मग इतरत्र न्यायालयं यावर बोट ठेवत गेली. नोव्हेंबर 2025मध्ये वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातून निघालेल्या मिहीर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक गुन्ह्यात कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत आणि उशिरात उशिरा हजर करण्याच्या दोन तास आधी द्यायची. जुन्या मसुद्यात नाव भरून दिलेला कागद आजही दिसतो, पण रिकामा हात तरी उरला नाही.

12:00

ससूनला मेडिकल. रांग. कैदी पार्टीतल्या शिपायाने आईला दोन मिनिटं बोलू दिलं.

1:30

शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय. मावशी विचारतात, "मोबाइलवर केस दिसते म्हणतात ना?" दिसते, पण ई-कोर्ट्सवर नोंद व्हायला आधी नंबर पडावा लागतो. रिमांडचा कागद दुपारपर्यंत पोलिसांच्या फाइलमध्येच असतो. म्हणून सगळ्यात खात्रीची यादी म्हणजे कोर्टातल्या पैरवी कर्मचाऱ्याच्या हातातला चिटोरा. 'आजचे रिमांड' म्हणून त्यावर नावं लिहिलेली असतात, बहुतेक वेळा पेन्सिलने. वकीलपत्रावर मुलाची सही घेतली. हात थरथरत होता. सही आधारवरच्या सहीसारखी आली नाही, तशीच ठेवली.

3:20

पोलिसांनी तीन दिवसांची कोठडी मागितली. मी एवढंच म्हणाले: गाडी मिळालेली आहे, पंचनामा झालेला आहे, शिक्षा सात वर्षांच्या आतली, मग 2014च्या अर्नेश कुमार निकालाप्रमाणे आधी नोटीस का नाही? आणि डायरीतली वेळ सांगितली. दंडाधिकाऱ्यांनी तपासी अंमलदारांकडे एकदा पाहिलं आणि एमसीआर दिली. न्यायालयीन कोठडी म्हणजे आमच्या लोकांच्या भाषेत "जेल झाली". घरच्यांना ती हार वाटते. मावशी भिंतीला टेकून रडायला लागल्या. पोलिसांच्या हातातून सुटून न्यायालयाच्या ताब्यात गेला, आता जामीन मागता येतो, हे समजावायला मला सुनावणीपेक्षा जास्त वेळ लागला. जामीन अर्ज दाखल केला. सरकार पक्षाचा से, म्हणजे म्हणणं, उद्या.

5:10

परतताना संगम पुलावर अडकले असताना धानोरीच्या एका ओळखीच्या काकांचा फोन. पुतणीसाठी स्थळ आलंय, मुलगा "कधी आत होता का, तेवढं बघून सांगा." असे फोन आता वाढलेत. भाडेकरूसाठी, ड्रायव्हरसाठी, जावयासाठी. मी नाही सांगत. अटकेच्या यादीतलं नाव म्हणजे शिक्षा नव्हे, आणि पुढे तो माणूस निर्दोष सुटला तर त्या यादीपुढे कोणी लाल शाईने तसं लिहीत नाही. नोकरीसाठी हवं असेल तर माणसाने स्वतः पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीचा अर्ज करावा. लग्नासाठी हवं असेल तर मुलाला समोर बसवून विचारावं. काका रागावले. असू दे.

6:45

येरवडा मध्यवर्ती कारागृह. 1871चं. गांधींचा उपवास आणि 24 सप्टेंबर 1932चा पुणे करार याच भिंतींच्या आतला. आमच्या भागातल्या घरांना ते इतिहासापेक्षा शेजारी म्हणूनच जास्त ओळखीचं आहे. फुलेनगरातून पायी जाता येतं. मुलगा शहरभर फिरून घराजवळच परत आलाय, आणि मावशींना याचंच नवल वाटत राहतं.

गेटवर वॉरंट तपासतात. नाव, वडिलांचं नाव, कलम, कोर्ट, पुढची तारीख. मग उंची, खुणा, अंगावरच्या वस्तू, आणि मग संगणकात ई-प्रिझन्स प्रणालीत नोंद. ती होईपर्यंत ई-मुलाकातच्या अर्जात बंदीचं नाव जुळत नाही, त्यामुळे घरच्यांनी आज रात्रीच अर्ज भरायची घाई करून उपयोग नसतो. वेळेचं महत्त्व बाहेर पडतानाही तेवढंच. ऑक्टोबर 2021मध्ये आर्यन खानचा जामीन आदेश आर्थर रोडच्या पेटीत त्या संध्याकाळी वेळेत पडला नाही, म्हणून रात्र आत गेली. इतक्या नावाजलेल्या वकिलांची फौज असून ही गत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आपले आदेश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायला 'फास्टर' सुरू केलं. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातला कागद मात्र अजून बऱ्याचदा कुणाच्या तरी खिशातून जातो.

8:30

घरी, जेवणाच्या ताटाशेजारी कागद. मावशींना जामीनदारासाठी काय काय लागेल ते सांगितलं: घरपट्टीची पावती किंवा पगाराचा दाखला, आधार, रेशन कार्ड, दोन फोटो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला जामीनदार मिळणं हीच खरी अडचण, त्यामुळे रोख जामिनाची मागणीही अर्जात आधीच घातलेली आहे.

मग सकाळचा आधारचा फोटो आणि वॉरंटची प्रत शेजारी ठेवली. आधारवर आडनाव 'वाघमारे', वॉरंटवर 'वाघमोडे'. कुठल्या टेबलावर बदललं कोण जाणे. उद्या जामीन आदेश आधारप्रमाणे निघाला तर गेटवर "हा बंदी आमच्याकडे नाही" असं उत्तर येईल. 'उर्फ' घालून दोन्ही नावांचा दुरुस्तीचा पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, लिहिला, सकाळी साडेदहाला तो कोर्टाच्या कारकुनाकडे द्यायचा म्हणून वहीत नोंद केली, आणि मावशींना मेसेज टाकला: उद्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, मूळ प्रत.